देव न मानणाराही चांगला असतो, मग ईमान कशासाठी?

२० डिसेंबर २०२५ रोजी दिल्लीच्या कॉन्स्टिट्यूशन क्लबमध्ये 'ईश्वर आहे का?' या विषयावर जाहीर चर्चा झाली. एका बाजूला ज्येष्ठ गीतकार जावेद अख्तर होते, जे स्वतःला उघडपणे नास्तिक म्हणवतात. दुसऱ्या बाजूला कोलकात्याचे तरुण आलिम मुफ्ती शमाइल नदवी होते. सूत्रसंचालन पत्रकार सौरभ द्विवेदी यांनी केले. लाखो लोकांनी ही चर्चा मोबाईलवर पाहिली. पुढचे कित्येक दिवस चहाच्या टपरीपासून घरच्या दस्तरखानापर्यंत एकच विषय होता, कोण जिंकलं? जणू भारत-पाकिस्तान मॅच झाली होती!

त्याच्या काही महिने आधीची गोष्ट आपण विसरू नये. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस पश्चिम बंगाल उर्दू अकादमीचा हिंदी सिनेमातल्या उर्दूवरचा कार्यक्रम व्हायचा होता. जावेद अख्तर त्याला येणार होते. काही मुस्लिम संघटनांनी त्यांच्या नावाला आक्षेप घेतला आणि कार्यक्रम पुढे ढकलला गेला. ज्या माणसाने व्यासपीठावर येऊ नये असा आग्रह होता, त्याच माणसासमोर डिसेंबरमध्ये एक आलिम शांतपणे बसला आणि दलीलला दलीलने उत्तर दिले. हा बदल स्वागतार्ह आहे.

पण आम्ही शिक्षक रोज मुलांमध्ये असतो. आठवी-नववीच्या मुलांना, कॉलेजात गेलेल्या आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना या चर्चेतले तत्त्वज्ञान फारसे लागले नाही. त्यांच्या मनात जो प्रश्न राहिला तो साधा आहे. "सर, देव न मानणारी माणसंपण चांगली असतात. मग चांगलं वागायला देव लागतोच कशाला?"

या प्रश्नाला आपल्या घरांत एक तयार उत्तर आहे. "ज्याला खुदाचं भय नाही, त्याचा काय भरवसा?" आमच्या मते हे उत्तर चुकीचे आहे. ते वस्तुस्थितीला धरून नाही, आपल्या दीनच्या शिकवणीलाही धरून नाही. आणि सर्वात वाईट म्हणजे हे उत्तर ऐकून मूल गप्प बसते, पण त्याचे समाधान होत नाही. म्हणून हा विषय जरा सविस्तर पाहू.

आधी वस्तुस्थिती मान्य करू

महाराष्ट्रात वाढलेल्या मुलाला 'नास्तिक म्हणजे वाईट माणूस' असे सांगून चालणार नाही. कारण त्याच्या पाठ्यपुस्तकातच गोपाळ गणेश आगरकर भेटतात. सातारा जिल्ह्यातल्या टेंभूसारख्या गावातून आलेला, हलाखीत शिकलेला हा माणूस. एम.ए. होत असताना त्यांनी आईला पत्र लिहून कळवले होते की मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा ठेवू नकोस, मी शिक्षणाच्या कामाला आयुष्य देणार आहे. 'केसरी'चे ते पहिले संपादक. पुढे १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढले. विधवांच्या केशवपनाविरुद्ध, बालविवाहाविरुद्ध लिहिले. पुण्यातल्या विरोधकांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी ते मागे हटले नाहीत. चाळिशी गाठायच्या आत, १८९५ मध्ये ते गेले. ईश्वराच्या बाबतीत ते अज्ञेयवादी होते.

भगतसिंग यांनी १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगात आपण नास्तिक का आहोत यावर लेख लिहिला आणि पुढच्याच वर्षी, मार्चमध्ये, ते फासावर गेले. मरणानंतर काही मिळेल ही आशा नसताना गेले. डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः नास्तिक होते, पण १९८९ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका देव आणि धर्माला विरोध करण्याची नव्हती, तर त्यांच्या नावावर होणाऱ्या शोषणाला विरोध करण्याची होती. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो सर्व धर्मांच्या भोंदू बाबांना लागू आहे. उतारा, तावीज, जिन्न काढणे अशा नावाखाली आपल्या बायाबापड्यांना लुबाडणाऱ्यांनाही.

आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. आपले शेजारी कोण आहेत? २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ८४ लाख बौद्ध आहेत आणि त्यांपैकी सुमारे ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात. बौद्ध धम्म सृष्टी निर्माण करणारा ईश्वर मानत नाही. जैन धर्मही मानत नाही. पण अहिंसा, सत्य, चोरी न करणे, नशा न करणे ही शिकवण दोन्हीकडे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा घेतली. इतर धर्मांत जी जागा देवाची आहे, ती धम्मात नीतीची आहे, असे त्यांचे म्हणणे होते. 'खुदा नाही तर नीती नाही' असे आपण सरसकट बोलतो, तेव्हा भिंतीपलीकडच्या या शेजाऱ्याला आपण काय म्हणतो आहोत, याचा विचार करायला हवा.

देशांचे बघायचे तर डेन्मार्कमध्ये नियमित चर्चला जाणारे लोक थोडे आहेत. पण सरकारी कामात लाच कमी असलेल्या देशांच्या जागतिक यादीत तो देश कित्येक वर्षे अगदी वर आहे. त्याच यादीत अनेक मुस्लिमबहुल देश खूप खाली दिसतात. हे वाचून आपल्याला बरे वाटत नाही, पण ते खरे आहे.

अर्थात दुसरी बाजूही आहे. 'धर्म गेला की माणूस आपोआप शहाणा होतो' हेही इतिहासात टिकत नाही. स्टालिनच्या सोव्हिएत रशियात सरकारी धोरण नास्तिकतेचे होते आणि छळछावण्याही होत्या. कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूजने आपल्याच लाखो लोकांना संपवले. त्यांनी मशिदी पाडल्या, बौद्ध विहारही बंद केले. म्हणजे दोन्हीकडे चांगली माणसे आहेत, दोन्हीकडे जालीम आहेत. नुसती माणसे मोजून हा प्रश्न सुटणार नाही.

आपला दीन या बाबतीत काय सांगतो?

गंमत अशी की 'नास्तिकात नीती असूच शकत नाही' हा दावा इस्लामचा नाहीच. कुरआनच्या सूरह शम्समध्ये सांगितले आहे की अल्लाहने प्रत्येक जिवाला घडवले आणि वाईट काय, चांगले काय याची जाण त्याच्या आतच घातली. प्रत्येक जिवाला, फक्त मोमिनाला नाही. प्रत्येक मूल फितरतवर जन्माला येते, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. पापाची ओळख विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले की जे तुझ्या मनात खटकते आणि लोकांना कळू नये असे तुला वाटते, ते पाप. आता मनाला खटकण्यासाठी आधी कलमा पढावा लागत नाही. ते खटकणे माणूस असल्याची खूण आहे.

सीरतमधला एक प्रसंग तर या विषयावर फारच मोलाचा आहे. प्रेषितत्वाच्या कितीतरी आधी मक्केत यमनमधल्या एका व्यापाऱ्याचा माल एका बड्या सरदाराने घेतला आणि पैसे दिले नाहीत. त्या परक्या माणसाचे ऐकणारे कोणी नव्हते. तेव्हा मक्केतले काही लोक अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी जमले आणि त्यांनी करार केला की यापुढे मक्केत कोणावरही जुलूम झाला तर आपण मजलूमच्या बाजूने उभे राहायचे. हाच 'हिल्फुल फुजूल'. हे लोक मुसलमान नव्हते. वही आलेली नव्हती. तरुण मुहम्मद (स.) त्या करारात हजर होते. पुढे प्रेषितत्व मिळाल्यानंतरही त्यांनी त्या कराराची आठवण अभिमानाने काढली आणि इस्लाममध्येही मला कोणी अशा करारासाठी बोलावले तर मी जाईन, असे सांगितले.

या एका प्रसंगात केवढा मोठा धडा आहे! न्याय कोणी मांडला हे न पाहता, न्यायाला न्याय म्हणायचे. दानशूर हातिम ताई तर इस्लामच्या आधीच वारला होता. पण त्याची मुलगी कैद होऊन आली, तेव्हा तिच्या वडिलांच्या अखलाकमुळे प्रेषितांनी (स.) तिला सन्मानाने सोडले.

हा वाद आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी झाला आहे

चांगले हे देवाने सांगितले म्हणून चांगले, की ते चांगले आहे म्हणून देवाने सांगितले? हा प्रश्न ग्रीसमध्ये सॉक्रेटिसच्या काळी विचारला गेला. आपल्याकडेही बगदाद आणि बसऱ्याच्या उलमांनी त्यावर पिढ्यान्‌पिढ्या डोके लढवले. त्याला 'हुस्न व कुब्ह'चा मसला म्हणतात.

मुअतजिला म्हणत की चांगले-वाईट माणसाच्या अक्कलला कळते, शरीअत त्याला पुष्टी देते. अशअरी उलमांचे म्हणणे होते की खरे चांगले-वाईट वहीमुळेच ठरते. समरकंदच्या इमाम मातुरीदींनी मधला रस्ता घेतला. खोटे बोलणे, जुलूम करणे वाईट आहे हे अक्कलला समजते, पण त्याचे पूर्ण बंधन आणि हिशोब वहीमुळे येतो, असा साधारण त्यांचा विचार. उत्तर भारत आणि दख्खनमधले आपण बहुतेक हनफी, म्हणून परंपरेने मातुरीदी. आपले कोकणी भाऊ शाफई, त्यांची परंपरा अशअरी. म्हणजे रत्नागिरीचा आणि औरंगाबादचा मुसलमान एकाच सफमध्ये नमाज पढतो, पण या मसल्यावर त्यांच्या बुजुर्गांची मते वेगळी होती. त्यासाठी कोणी कोणाला मस्जिदीबाहेर काढले नाही.

हे मुलांना सांगितले पाहिजे. त्यांना वाटते की हे प्रश्न यूट्यूबवर कालपरवा जन्माला आले आणि आपल्या मौलानांना त्यांचा पत्ताच नाही.

मग ईमानाची गरज कुठे लागते?

नास्तिक मंडळी एक उदाहरण नेहमी देतात. नीती म्हणजे रहदारीचे नियम. डावीकडून चालायचे हे आकाशातून उतरलेले नाही. अपघात होऊ नयेत म्हणून माणसांनी ठरवले. तशीच सगळी नीती माणसांनी सोयीसाठी ठरवली.

उदाहरण सोपे आहे आणि बऱ्याच गोष्टींना लागू पडते. पण पुढे नेले की अडते. डावीकडून चालायचे की उजवीकडून, हे देशागणिक बदलले तरी बिघडत नाही. माणसाला माणूस समजायचे की नाही, हेही तसेच बदलता येईल का? जर्मनीत १९३५ मध्ये न्यूरेम्बर्गचे कायदे झाले. यहुद्यांचे नागरिकत्व गेले. सगळे रीतसर, कायद्याने. आपल्याच महाराष्ट्रात पाणवठ्यावर कोणी यायचे हे समाजाने 'ठरवलेले' होते आणि बहुसंख्यांना त्यात काही गैर वाटत नव्हते. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर गेले ते हे ठरवणे मोडायला. नीती म्हणजे फक्त बहुमताचा ठराव असेल, तर अल्पमतातला मजलूम दाद कुठे मागणार? आपण या देशात अल्पसंख्याक आहोत. हा प्रश्न आपल्यासाठी पुस्तकी नाही.

दिल्लीच्या चर्चेत जावेद अख्तर यांनी गाझातल्या मुलांचा प्रश्न काढला. सर्वशक्तिमान, दयाळू ईश्वर असेल तर ही मुले का मरतात? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि आपल्यातल्या कित्येकांनी रात्री मोबाईल बंद करताना तो मनात विचारला आहे. त्याला एका वाक्यात उत्तर देणारा माणूस एकतर घाईत आहे किंवा त्याने ती दृश्ये नीट पाहिलेली नाहीत. पण याच प्रश्नात दुसरी गोष्टही दडलेली आहे. गाझातल्या मुलांना मारणे चूक आहे असे आपण म्हणतो, तेव्हा 'मला ते आवडत नाही' एवढाच त्याचा अर्थ नसतो. जगातल्या सर्व ताकदवान सरकारांनी एकमताने ठराव केला तरी ते चूकच राहील, असे आपण म्हणत असतो. जावेद साहेबांच्या आवाजातला संताप त्याच जातीचा आहे. मोमिन म्हणतो, माणसाच्या ठरावापेक्षा उंच असलेली ही जी तराजू आहे, ती ठेवणारा कोणीतरी आहे.

नास्तिक विचारवंतांकडे याला काहीच उत्तर नाही, असे मात्र समजू नका. कोणी माणसाच्या प्रतिष्ठेचा आधार घेतात, कोणी बुद्धीचा, कोणी दुसऱ्याच्या वेदनेचा. त्यांची पुस्तके वाचण्यासारखी आहेत. आपला मुद्दा एवढाच की मजलूमचा हिशोब तिथे अपुरा राहतो. जो मेला, ज्याचा मारेकरी म्हातारा होऊन आपल्या बिछान्यात सुखाने मेला, त्याचे काय? सूरह तकवीरमध्ये कयामतचे वर्णन येते. त्यात जिवंत पुरलेल्या मुलीला विचारले जाईल की तुला कोणत्या गुन्ह्यासाठी मारले. लक्षात घ्या, मारणाऱ्याच्या आधी त्या मुलीला बोलायची संधी आहे. जिचे नावसुद्धा कोणी ठेवले नव्हते, तिची साक्ष आहे. आखिरतवरचे ईमान म्हणजे जगातली कोणतीही फाईल कायमची बंद होत नाही यावरचा विश्वास. गाझाचे दुःख त्याने कमी होत नाही. पण त्या मुलांची फाईल उघडी आहे, हे माहीत असलेला माणूस वेगळ्या हिमतीने जगतो.

भरारी पथक गेल्यानंतर

आता शाळेतले सांगतो. दहावी-बारावीच्या परीक्षेत दरवर्षी कॉपीमुक्त अभियान असते. भरारी पथके येतात, बैठे पथक असते, आता कॅमेरेही आले. गाडी गेटबाहेर पडली की काही वर्गांत चुळबूळ सुरू होते, हे कोणत्याही शिक्षकाला विचारा. आणि त्याच वर्गात एखादा मुलगा किंवा मुलगी असते, जिच्या नजरेत काही फरक पडत नाही. पथक असो वा नसो, ती आपल्या पेपरात डोके घालून बसलेली असते. नीतीचा खरा प्रश्न इथे आहे. कोणी बघत नसताना माणूस कसा वागतो?

हजरत उमर (रजि.) रात्री मदिनेत फिरत असताना एका झोपडीतून आई-मुलीचे बोलणे ऐकू आले, ही गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते. आई म्हणते, दुधात पाणी घाल. मुलगी म्हणते, खलिफांनी मनाई केली आहे. आई म्हणते, उमर कुठे बघतोय? त्यावर मुलीचे उत्तर असे की उमर बघत नसतील, उमरचा रब तर बघतो आहे. तक्वा म्हणजे हेच.

यावर नास्तिक मित्र म्हणतील, "हा तर आभाळातला सीसीटीव्ही झाला. भीतीने चांगलं वागणं म्हणजे नीती कसली?" आक्षेप रास्त आहे. याचे उत्तरही आपल्याच परंपरेत आहे. बसऱ्याच्या हजरत राबिया (रह.) यांच्याबद्दल सांगतात की त्या एका हातात आग आणि दुसऱ्या हातात पाणी घेऊन निघाल्या. कुठे चाललात विचारल्यावर म्हणाल्या की जन्नत जाळायला आणि दोजख विझवायला, म्हणजे लोक लालूच किंवा भीतीशिवाय फक्त अल्लाहसाठी त्याची इबादत करतील. भीती ही पहिली इयत्ता आहे. लहान मुलाला आपण आधी 'हात लावू नको, भाजेल' असे सांगतो, मोठा झाला की तो समजून वागतो. अडचण अशी आहे की आपण मुलांना पहिल्या इयत्तेतच बसवून ठेवतो. मदरशात आणि घरात दोजखची वर्णने खूप, अल्लाहच्या मुहब्बतची चर्चा कमी. मग कॉलेजात कोणी 'सीसीटीव्ही' म्हटले की मुलाचा सगळा डोलारा एका शब्दाने कोसळतो.

परीक्षा आपली आहे: हक्कसोडपत्र

इथपर्यंत आपण युक्तिवाद केला. पण आमचा अनुभव असा की मुले युक्तिवादाने दीनपासून दूर जात नाहीत. ती घरात जे बघतात, त्याने दूर जातात.

वडील वारले. चाळिसावा झाला. मग एक दिवस बहिणींना बोलावून घेतले जाते, चांगले जेवण होते आणि दुय्यम निबंधक कार्यालयात हक्कसोडपत्रावर त्यांच्या सह्या होतात. "भाऊबहिणीत काय वाटण्या करायच्या?" "माहेर तुटेल." "लग्नात दिलं की सगळं." सही करणारी बहीण हसते, कारण हसावेच लागते. कुरआनने सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा नाव घेऊन, आकडा सांगून ठरवला आहे आणि या हद्दी मोडणाऱ्याला आगीचा इशारा दिला आहे. नमाजच्या रकअती किती हे कुरआनात मोजून दिलेले नाही, पण मुलीचा हिस्सा दिला आहे! आणि आपण रकअतींवर भांडतो, हिस्सा मात्र गिळतो.

मुलीला भावाच्या निम्मा हिस्सा का, यावर टीव्हीवर वाद होतात. केरळमधल्या एका महिलेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आहे की मी मुस्लिम घरात जन्मले पण धर्म मानत नाही, तेव्हा मला शरीअतऐवजी भारतीय वारसा कायदा लागू करा. अशा बातम्यांवर आपण खूप तावातावाने बोलतो. 'निम्मा का' याला उलमांचे उत्तर आहे, खर्चाची जबाबदारी पुरुषावर आहे वगैरे. पण प्रश्न असा की तो निम्मा तरी आपण देतो का? बहिणीने हिस्सा हातात आल्यावर खुशीने भावाला दिला, तर गोष्ट वेगळी. हातात येण्याआधीच, लाजेखातर घेतलेली सही म्हणजे खुशी नव्हे.

घरातली सोळा-सतरा वर्षांची पोरगी हे सगळे दारातून बघत असते. तिला रात्री आपण सांगतो की नीतीचा उगम अल्लाहच्या आदेशात आहे. तिच्या मनात काय येत असेल? नास्तिकतेचा एवढा प्रभावी धडा कोणतेही पुस्तक देऊ शकणार नाही. हुंड्याचेही तेच. मापात मारणाऱ्यांसाठी कुरआनात अख्खी सूरह आहे. आणि सूरह माऊनमध्ये तर अनाथाला धक्के देणाऱ्याची आणि दिखाव्याची नमाज पढणाऱ्याची गोष्ट एकाच ठिकाणी येते. दीनला झुठलावणारा कोण, याचे वर्णन तिथे आहे. ते वर्णन वाचून आपण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकत नाही.

आणखी एक कडू गोष्ट. मार्च २०१७ मध्ये तमिळनाडूतल्या कोइम्बतूरमध्ये मुस्लिम घरात जन्मलेल्या एका तरुणाची, तो नास्तिक झाला आणि तसे लिहू लागला म्हणून हत्या झाली. आरोपी आपल्यातले होते. दाभोलकरांच्या हत्येवर आपण हळहळतो, तर या हत्येवरही त्याच आवाजात बोलायला हवे. एका निरपराध जिवाला मारणे म्हणजे साऱ्या माणुसकीला मारणे, ही शिकवण त्या तरुणाला लागू नव्हती काय? दीनमध्ये जबरदस्ती नाही, हे आपण इतरांना ऐकवतो तेव्हा आधी स्वतःला ऐकवले पाहिजे.

घरात काय करायचे?

पहिली गोष्ट, मुलाने प्रश्न विचारला तर 'तौबा कर' म्हणून त्याचे तोंड बंद करू नका. हजरत इब्राहीम (अलै.) यांनी खुद्द अल्लाहला विचारले होते की तू मेलेल्यांना कसे जिवंत करतोस ते मला दाखव. ईमान आहेच, पण दिलाला इत्मिनान हवे म्हणून. त्यांना रागावले गेले नाही, दाखवले गेले. इमाम गजाली (रह.) यांनी आपल्या मनातल्या शंकांविषयी स्वतः लिहून ठेवले आहे. १०९५ मध्ये बगदादच्या निजामिया मदरशातली मोठी जागा सोडून ते निघून गेले होते. शंका हा आजार नाही. उत्तर न मिळाल्याने ती कुजते.

दुसरी गोष्ट, घरातला एखादा भाचा-पुतण्या 'मी मानत नाही' म्हणाला, तर त्याच्याशी नाते तोडू नका. सीरियातल्या मअर्रा गावचा अंध शायर अबुल अला अल-मअर्री धर्माबद्दल किती तिखट लिहायचा! पण तो ऐंशी पार करून, अकराव्या शतकात, आपल्याच गावात नैसर्गिक मृत्यूने गेला. दूरदूरचे विद्यार्थी त्याच्याकडे शिकायला येत. त्याच्या पुतळ्याचे डोके उडवले गेले ते २०१३ मध्ये, बंदूकधाऱ्यांकडून. हजार वर्षांपूर्वीच्या मुसलमानांचे काळीज मोठे होते, हे यावरून दिसते.

तिसरी गोष्ट, चांगल्या कामात साथ द्या, समोरचा मानणारा असो वा नसो. भोंदू बाबाविरुद्ध, व्यसनाविरुद्ध, शाळा वाचवण्यासाठी गावात कोणी उभे राहिले, तर हिल्फुल फुजूलची सुन्नत आठवा.

आणि चौथी, सगळ्यात जड. या वर्षी आपल्या कुटुंबात कोणाची वाटणी व्हायची असेल, तर बहिणीचा हिस्सा तिने मागण्याआधी तिच्या घरी नेऊन द्या. सातबाऱ्यावर, घरपट्टीवर तिचे नाव चढवा. मुलांना ते बघू द्या. ईश्वर आहे की नाही यावर दोन तासांची चर्चा ऐकून जे कळणार नाही, ते त्यांना त्या दिवशी कळेल.

अल्लाह आपल्याला समोरच्यातला चांगुलपणा ओळखण्याची नजर आणि आपले हक्क अदा करण्याची तौफीक देवो. आमीन.